कारण : अज्ञात

होळीच्या आधी पंधरा दिवस मला कामावर घेतात
आणि मिरगाच्या तोंडावर सोडतात.
एक शिट्टी, एक टॉर्च, पाण्याची कॅन,
खाकी शर्ट, पुरुषाच्या मापाचा.
बाह्या मी दोनदा दुमडते.

जाळरेषा म्हणजे काय, पोरं विचारतात.
मी सांगते, आपणच आधी जाळून ठेवलेली वाट,
पलीकडे जायला आगीला काही खायला मिळू नये म्हणून.
टेकडीवरून पाहिलं तर जंगलानं भांग पाडल्यासारखी.

वणव्याची खबर आता आभाळातून येते.
वर कुठंतरी यंत्र फिरतं,
गार्डसाहेबांच्या मोबाईलवर लाल ठिपका उमटतो
आणि साहेब मला म्हणतात, धाव.
यंत्राला ठिपका दिसतो.
काडी कोणी ओढली, ते दिसत नाही.
ते आम्हाला दिसतं.
आम्ही सांगत नाही.

म्हणून रजिस्टरातला शेवटचा रकाना,
आगीचे कारण,
पानोपान एकाच शब्दानं भरलेला.
अज्ञात.
खाली नुसत्या खुणा, वरच्यासारखंच.

या अज्ञाताला मी ओळखते.
तो पहाटे चारला टोपलं घेऊन निघतो.
मोहाखाली वाळला पाला, पाल्यात फूल हरवतं.
तो पाला पेटवतो.
काळ्या राखेवर पिवळं फूल लगेच नजरेत येतं.
ते वेचून तो घरी येतो.
आग घरी येत नाही.
ती टेंभुर्णीच्या झुडपांत शिरते,
टिटवीची चार अंडी ओलांडून,
ओलांडून कशी म्हणू.

यंदा ती नाल्याच्या बाजूनं गावात आली.
फुलवंती नैतामचं तणसाचं पुंजणं,
पुंजण्याला लागून गोठा,
गोठ्यात दावणीला बांधलेली गाभण शेळी.
दावं सुती होतं, ते जळून तुटलं,
पण उशिरा.
आम्ही हिरव्या डहाळ्यांनी झोडपत राहिलो,
विहिरीवरून घागरी, चिखल, गोणपाट,
कोणीतरी मोटारीची वायर शोधत होतं अंधारात.
फुलवंती ओरडली नाही.
दाव्याचं उरलेलं टोक मुठीत धरून बसली.

मी ठिपक्यापासून उलटी चालत गेले, राखेवरून.
राख ज्या झाडाशी सुरू झाली
ते झाड माझ्या माहेरचं.
त्याच्या बुडाला एका अंगानं पोकळी आहे, कोळशासारखी,
दर वर्षी बोटभर खोल जाते.
लहानपणी मी तिच्यात लपायची.

बाबा म्हणाले,
"माह्या आज्यानं जाळलं, माह्या बानं जाळलं,
सरलं का वो जंगल?"
मी म्हटलं, "तवा नाल्याले चैतातबी पानी राहे, बाबा.
आता पाला हात लावला का चुरा होते."
ते चुलीकडे पाहत राहिले.
मग म्हणाले, "मले का मालूम, वारा फिरन म्हनून?"

वारा फिरतोच, बाबा.
त्याचं कामच ते.

त्या रात्री रजिस्टर उघडलं.
पेन दोनदा झटकला, शाई होती तरी.
लिहिलं :
मोहाखालचा पाला पेटवला, विझवला नाही.
सोनजी तुलावी.
नाते : बाप.
साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
म्हणाले, नात्याचा रकाना नाही यात.
पान फाडलं नाही त्यांनी.

तीन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत.
आई डबा द्यायची, तोही दारातूनच.

चौथ्या पहाटे जाळरेषेवर होते
तेव्हा खालून आवाज आला,
खर्र, खर्र,
खराटा.
टॉर्च विझवून मी उतरले.
बाबा वाकून पाला ओढत होते, कंबर धरत,
स्वतःशीच शिव्या देत,
मला, साहेबांना, पाल्याला.
झाडाखाली आईची दोन जुनी लुगडी पसरलेली,
त्यांवर टप्, टप्, फुलं.

पाल्याचा ढीग बाजूला, छातीएवढा उंच.
काडीपेटी अजून त्यांच्या खिशात असेल,
बिडी सुटली नाही त्यांची.
मी काही विचारलं नाही.
ढिगाच्या आणि त्यांच्या मधे
उजाडेपर्यंत उभी राहिले.